वढवाण्याच्या तळ्याकाठी दोन दिवस

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर उभं राहून बोलायची आम्हाला सवय नाही. सरकारी नोकरीत बोलायचं कमी आणि लिहून द्यायचं जास्त. त्यातून शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, म्हणजे शब्दांपेक्षा फुटपट्टीवर विश्वास. या मंडळात आजवर आम्ही खुर्च्या मांडल्या, मांडवाच्या दोऱ्या बांधल्या, महाप्रसादाच्या पंगतीत वरण वाढलं. माईकला हात लावला तो फक्त ‘हॅलो, टेस्टिंग’ म्हणायला.

पण आमच्या लेकीचं लग्न गुजराती घरात ठरलं ही बातमी आमच्याआधी मंडळात पोचली. मग आरतीला आलं की एकजण बाजूला घेऊन विचारणार, ‘कसे आहेत हो माणसं?’ दुसरे विचारणार, ‘पाटीदार ना? जमेल ना?’ शेवटी कार्यवाह म्हणाले, ‘एकदाच सगळ्यांना सांगून टाका.’ म्हणून उभे आहोत.

आणखी एक. बोलताना आम्ही ‘आम्ही’ म्हणणार आहोत. तो मोठेपणा नव्हे. जे घडलं ते आम्हा दोघांचं आहे. आमच्या सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. काही चुकीचं सांगितलं तर हिशेब घरी द्यायचा आहे.

आमचं घराणं वडोदऱ्यात चार पिढ्यांचं. पणजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून. तेव्हापासून दांडिया बाजार, मग बाबाजीपुरा, आता कारेलीबाग. घरात मराठी, गल्लीत गुजराती, ऑफिसात दोन्हींचं मिश्रण. उसळीवर शेव आणि वरून तर्री घालून तिची सेव-उसळ करून खाणारे आपण लोक. तेव्हा गुजराती माणूस आपल्याला परका नाही असं आम्ही आयुष्यभर म्हणत आलो. पण शेजारी असणं वेगळं आणि व्याही होणं वेगळं, हे लेकीनं एका रविवारी वालपापडी निवडता निवडता नाव सांगितलं तेव्हा समजलं.

आमचं लग्न लवकर झालं, त्यामुळे पन्नाशीच्या आतच आम्ही सासू-सासरे व्हायच्या वाटेवर. लेक चोवीस वर्षांची. मुलगा तिच्याच ऑफिसातला, राहायला वडोदऱ्यात. आईवडील आणि आजी डभोईच्या पुढे, वढवाण्याच्या तळ्याजवळ एका गावात शेती करतात.

पहिली भेट शहरातल्या एका हॉटेलात झाली. दोन तास बसलो. ते म्हणाले ‘अजून घ्या’, आम्ही म्हणालो ‘बस, बस’. त्यांनी आमच्या नोकरीचं विचारलं, आम्ही त्यांच्या कपाशीचं. बिलावरून पाच मिनिटं ओढाताण झाली, आणि घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, ‘त्या बाईंच्या साडीचा रंग सोडून मला काहीसुद्धा कळलं नाही.’ खरं होतं. आमच्याबद्दल त्यांनाही तेवढंच कळलं असणार.

आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, ‘वेवाई तो पछी थईशुं, पहेलां महेमान तो थाव.’ व्याही नंतर होऊ, आधी पाहुणे तर व्हा. शनिवार-रविवार घरी येऊन राहा.

वेवाई आणि व्याही, दोन्ही शब्द विवाहावरूनच आले आहेत. आपण त्याला वळण वेगळं दिलं, त्यांनी वेगळं. बोलावणं ऐकून आम्हाला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. त्याचं कारण आता सांगतो. लेकीची परवानगी घेऊन सांगतो आहोत. तीच म्हणाली, ‘बाबा, हे गाळून बोलणार असाल तर बोलूच नका.’

आमच्या लेकीला लहानपणी फिट येत असत. नवव्या वर्षी पहिली आली, चौदाव्या वर्षी शेवटची. औषधं नियमानं घेतली, पुढे डॉक्टरांनी तपासून, हळूहळू कमी करून बंद केली. गेली दहा वर्षं काही नाही. ती स्कूटर चालवते, नोकरी करते, नवरात्रात रात्रभर गरबा खेळते. पण हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. या मंडळातही नाही. शाळेच्या सहलीला ती का येत नाही, असं तुमच्यापैकी काहींनी तेव्हा विचारलं होतं. आम्ही तिच्या सर्दीचं नाव सांगितलं होतं. आज त्याबद्दल क्षमा मागतो.

लग्नाचं निघालं तेव्हा आमच्याच नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन सल्ला दिला. ‘दहा वर्षं झाली ना? मग उकरून कशाला काढता? मुलीच्या बापानं सगळंच बोलायचं नसतं.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी लग्नं मोडलेली पाहिली होती. आपल्या विवाह कायद्यातच कित्येक वर्षं वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचं नाव होतं. असा आजार असलेल्याचं लग्न त्या कारणावरून रद्द करून मागता येत असे. १९९९ साली दुरुस्ती झाली आणि अपस्मार हा शब्द त्या कलमातून काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आमच्या घरात मात्र तो अजून कपाटाच्या मागे होता.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगितलंय. तो म्हणतो, घरी सांगेन. त्याच्या आईला मात्र तुम्ही सांगायला हवं. मी सांगितलं तर ती कबुली होईल, तुम्ही सांगितलंत तर ती माहिती होईल.’ चोवीस वर्षांच्या मुलीनं आम्हाला हे शिकवावं, म्हणजे कोण मोठं आणि कोण लहान ते तुम्हीच ठरवा.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. डभोई आपल्या सगळ्यांना माहीत आहे, हिरा भागोळ बघायला शाळेतून नेतात. पण सिव्हिलच्या माणसाला डभोई आठवते ती रेल्वेसाठी. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम ही छोट्या रुळाची लाईन झाली, देशातली पहिली. सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. आता डभोईवरून एकतानगरपर्यंत मोठ्या रुळाची गाडी जाते. आम्ही हे सगळं गाडीत लेकीला सांगत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती. सौ. म्हणाल्या, ‘इतिहास पुरे. तुम्हाला भीती वाटली की तुम्ही इतिहास सांगता.’

घर जुनं, कौलारू. पुढे ओटा, आत ओसरी, ओसरीत संखेड्याचा लाल-सोनेरी हिंचका. मुलाची आजी, तिला सगळे बा म्हणतात, त्या हिंचक्यावर बसलेल्या. आम्ही वाकून नमस्कार केला तर बांनी डोक्यावर हात ठेवला आणि मुलाच्या आईला मोठ्यानं विचारलं, ‘आ लोको दाळमां गोळ नाखे छे?’ हे लोक डाळीत गूळ घालतात का? सौ.नी लगेच सांगितलं, ‘नाखीए छीए, बा.’ वडोदऱ्यात राहून गूळ घालणार नाही तर जाणार कुठे? बांचं समाधान झालं. पहिली परीक्षा पास.

आम्ही घरून पुरणपोळ्या नेल्या होत्या. विहीणबाईंनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थांबल्या. म्हणाल्या, ‘चण्याची डाळ?’ त्यांच्याकडे पुरण तुरीच्या डाळीचं. मग स्वयंपाकघरात सौ. आणि त्या, दोघींचं असं काही सुरू झालं की आम्हाला तासभर कुणी विचारलं नाही. तुरीचं पुरण मऊ होतं, चण्याचं दाणेदार राहतं, जायफळ किती, वेलची किती, पोळी तव्यावर तुपात की कोरडी. हॉटेलात दोन तासांत जे जमलं नव्हतं ते एका डाळीनं केलं. जेवायला वांग्याचं भरीत, त्यांच्या भाषेत ओळो, बाजरीचा रोटला, ओली हळद आणि ताक. आम्ही रविवारचं मटण खाणारी माणसं, हे त्यांना ठाऊक होतं. जेवताना व्याही हळूच म्हणाले, ‘आमच्याकडे तेवढं मिळणार नाही.’ आम्ही म्हणालो, ‘दोन दिवस सुट्टी.’ हसले. तेवढ्यावर तो विषय मिटला.

संध्याकाळी व्याही आम्हाला तळ्यावर घेऊन गेले. इथं थोडं थांबून तळ्याचं सांगायला हवं, कारण वडोदऱ्याची माणसं सहलीला आजव्याला जातात, वढवाण्याला फार कमी. हे तळं नैसर्गिक नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१०च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी ते बांधलं. ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा आहे. तिथून पावसाळ्याचं पाणी कालव्यानं इकडे वळवायचं, मातीच्या पाळीमागे साठवायचं आणि हिवाळ्यात पिकांना सोडायचं. ओरसंग वाळूची नदी, पावसाळा संपला की पाणी वाळूखाली जातं. ते जाण्याआधी पकडून ठेवलं, एवढीच त्यातली युक्ती. युक्ती साधी आहे, पण शंभरावर वर्षं टिकलेली मातीची पाळ बघितली की आमच्यासारख्याचा हात आपोआप टोपीकडे जातो.

आम्ही पाळीचा उतार, दगडी पिचिंग वगैरे समजावून सांगू लागलो. व्याही ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘बराबर. पण पाळीच्या या टोकाला चिखल लवकर सुकतो आणि त्या टोकाला महिनाभर राहतो, ते कागदावर नसेल.’ ते त्या पाळीवर पन्नास वर्षं चालत होते. आम्ही गप्प झालो, आणि मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या.

पाण्यावर पक्षी इतके की ऊन पडलेलं पाणी दिसेना. २०२१ साली या तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे पाणपक्ष्यांसाठी साऱ्या जगानं महत्त्वाची मानलेली जागा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून इथं हिवाळ्याला येतात. व्याही म्हणाले, ‘दूरचे पाहुणे. दरवर्षी येतात, आणि कुणीही त्यांना गाव विचारत नाही.’

मग त्यांनी पाण्यातल्या काळ्या पक्ष्यांकडे बोट केलं. अंगानं काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. म्हणाले, ‘हे भगतडुं. टिळा लावून फिरतं म्हणून भगत.’ आम्ही एकदम म्हणालो, ‘अहो, आम्ही याला वारकरी म्हणतो!’ लहानपणी आजोबांनी सुरसागरच्या काठावर सांगितलेलं नाव, ते चाळीस वर्षांनी असं उपयोगी पडलं. व्याह्यांनी दोनदा म्हणून बघितलं, ‘वारकरी, वारकरी.’ आम्ही म्हणालो, ‘भगतडुं.’ दोन भाषांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता त्याच पक्ष्याच्या कपाळावर तोच टिळा पाहिला होता. नातवंडं कुठली भाषा बोलतील ही आमच्या मनातली मोठी चिंता होती. तिचं उत्तर मिळालं असं नाही म्हणत, पण त्या संध्याकाळी ती थोडी लहान झाली.

पाळीवरून परत येताना व्याही सयाजीराव महाराजांचं कौतुक करू लागले. तळी बांधली, शाळा काढल्या. १९०४ साली बालविवाहाला बंदी, १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. आम्ही म्हणालो, ‘आणि लेकीच्या लग्नाचं ठाऊक आहे?’ नव्हतं. मग सांगितलं.

महाराजांची एकुलती एक कन्या इंदिराराजे. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेलं. १९११ साली दिल्ली दरबारच्या वेळी तिची कूचबिहारच्या राजकुमार जितेंद्रनारायणांशी ओळख झाली आणि तिनं मन ठरवलं. आईवडिलांना सांगायची वाट न बघता तिनं ग्वाल्हेरला स्वतः पत्र लिहून ठरलेलं लग्न मोडलं. केवढा गहजब झाला असेल! जाणाऱ्या काळाच्या पुढे कायदे करणारे महाराज, पण लेकीच्या निवडीपुढे दोन वर्षं अडून राहिले. कूचबिहारचं घराणं ब्राह्मो समाजाचं, भाषा बंगाली, चालीरीती वेगळ्या. शेवटी १९१३ साली लंडनमध्ये लग्न झालं, आणि त्या लग्नाला मुलीचे आईवडील नव्हते. पुढे सगळं निवळलं. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या इंदिराराजेंच्याच कन्या. आजोळी, आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये राहिल्याच्या आठवणी त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिल्या आहेत.

व्याही थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, ‘राजालासुद्धा वेळ लागला.’ आम्ही म्हणालो, ‘लागला. पण मुलीनं लपवलं नाही.’ हे वाक्य बोललो आणि आमचं आम्हालाच टोचलं. कारण आमच्या खिशातली गोष्ट अजून खिशातच होती.

रात्री जेवणं झाली. अंगणात शेकोटी पेटवली. बा लवकर झोपल्या. मुलं समोर बसली होती. सौ.नी आमच्याकडे बघितलं आणि सरळ बोलायला सुरुवात केली, गुजरातीत, म्हणजे अर्थाचा घोटाळा नको. नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत. कोणती औषधं. कधी बंद झाली. डॉक्टर काय म्हणतात. पुन्हा होणारच नाही अशी हमी कुणी देत नाही, हेसुद्धा सांगितलं. फाईल आणली होती, ती मांडीवर होती.

आम्हाला वाटलं होतं, मुलानं घरी सांगितलेलं असेल, आपण नुसता शिक्का मारायचा. विहीणबाईंनी सगळं ऐकलं. मग त्यांनी सौ.कडे नाही, आपल्या यजमानांकडे बघितलं. व्याही शेकोटीतलं लाकूड हलवत होते. गरज नसताना हलवत होते. विहीणबाईंनी विचारलं, ‘तमने खबर हती?’ तुम्हाला माहीत होतं? ते काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, ‘बा, मी पप्पांना दिवाळीत सांगितलं होतं.’

त्या उठल्या आणि आत गेल्या. दार आपटलं नाही. पण आत भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, आणि भांडी तर मघाशीच घासून झाली होती.

त्या रात्री आम्ही झोपलो असं म्हणता येणार नाही. गोदड्या जाड होत्या, तरी थंडी वाजत होती. पलीकडच्या खोलीतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. आम्ही एकमेकांना म्हणालो, सकाळी चहा घेऊन निघू. वडीलधाऱ्यांचा सल्ला ऐकायला हवा होता, हेसुद्धा मनात आलं. खोटं कशाला बोला?

सकाळी अजून धुकं होतं. सौ. ओट्यावर बसल्या होत्या. विहीणबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. आम्ही दारातच थांबलो. त्यांनी विचारलं, ‘आवे त्यारे शुं करवानुं?’

फिट येते तेव्हा काय करायचं. एवढंच. कुणाच्या घराण्यात होतं, पत्रिकेत काय आहे, पुढे मुलाबाळांचं काय, यातलं काहीसुद्धा नाही. येते तेव्हा काय करायचं.

सौ.नी सांगितलं. तेच इथं पुन्हा सांगतो, कारण या सभागृहातल्या प्रत्येकाला ते यायला हवं. माणसाला कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं. आजूबाजूच्या टोकदार, कठीण वस्तू बाजूला करायच्या, गळ्याचं बटण सैल करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालायचं नाही. चपलेचा किंवा कांद्याचा वास द्यायचा नाही, त्यानं काही होत नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत पुन्हा आली, तर दवाखान्यात न्यायचं. आणि थांबेपर्यंत जवळ बसून राहायचं.

विहीणबाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे चप्पलच हुंगवतात.’ सौ. म्हणाल्या, ‘आमच्या आजीनं पण तेच केलं होतं.’ त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग मुलाला हाक मारली आणि विचारलं, तुला येतं का? त्यानं सगळं घडाघडा सांगितलं, घड्याळासकट. तेव्हा त्यांना नव्यानं राग आला. ‘याला सगळं येतं! याला येतं, याच्या बापाला माहीत आहे. या घरात सून मी आणणार आणि मलाच ठाऊक नाही!’

मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘माझं भांडण या दोघांशी आहे. तुमच्याशी नाही. तुम्ही माझ्या अंगणात येऊन मला सांगितलंत.’

मंडळी, इथं टाळ्या वाजवू नका, कारण गोष्ट इथं संपत नाही. त्या पुढे म्हणाल्या, ‘पण आज मी हो म्हणत नाही. मला दोन आठवडे द्या.’ आम्ही दिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. निघताना त्यांनी पुरणपोळीचा रिकामा डबा परत केला, त्यात ओली हळद भरून. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे. पण तो होकार नव्हता, ती रीत होती, एवढं आम्हाला समजत होतं.

ते दोन आठवडे कसे गेले ते सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात विहीणबाई एकट्या एसटीनं वडोदऱ्याला आल्या. म्हणाल्या, ‘मला डॉक्टरांकडे न्या.’ आम्ही नेलं. दवाखान्यात आम्हाला बाहेर बसवून त्या लेकीबरोबर आत गेल्या आणि अर्धा तास आपले प्रश्न विचारून आल्या. काय विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही, लेकीनंही नाही. आमच्या घरी जेवल्या. वरण चाखून म्हणाल्या, ‘गूळ कमी आहे.’ आणि हात धुताना, पाठमोऱ्या उभ्या असताना म्हणाल्या, ‘कार्तिकी एकादशीनंतरचे मुहूर्त बघा.’ त्यांची देवऊठी अगियारस, आपली तुळशीची लग्नं. एकाच वेळी देव उठतात दोघांचे.

तर मंडळी, तुम्ही विचारत होता ना, कसे आहेत माणसं? बाप मनानं हळवा आहे, घरात तंटा नको म्हणून बोलायचं टाळतो. आई रागावते, आणि रागातसुद्धा कामाचा प्रश्न आधी विचारते. मुलगा चुकला, पण जे शिकायला हवं ते शिकलेला आहे. बांना आता डाळीतल्या गुळाची काळजी नाही. हे सगळं हॉटेलच्या टेबलावर आम्हाला दोनशे वर्षांत कळलं नसतं.

आणि आम्ही कसे आहोत तेही कळलं. आम्ही स्वतःला फार पुढारलेले समजत होतो. आंतरजातीय, आंतरप्रांतीय, काही हरकत नाही, असं मोठ्यानं म्हणत होतो. पण आमची खरी भीती त्यांच्या भाषेची नव्हती आणि त्यांच्या जेवणाचीही नव्हती. आपल्या घरातलं जे झाकलेलं आहे ते उघडं पडेल, ही होती. दोष परक्या घराच्या नावावर टाकून आपलं झाकण घट्ट धरून ठेवता येतं, म्हणून तर आपण एवढे ‘जमेल ना, जमेल ना’ करतो.

उपदेश करायची आमची पात्रता नाही. पण ज्यांच्या घरी मुलं मोठी होत आहेत त्यांना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. एक, बैठकीआधी मुक्काम करा. त्यांच्याकडे दोन दिवस राहा, त्यांना आपल्याकडे दोन दिवस बोलवा. माणूस दिवाणखान्यात कळत नाही, सकाळच्या पहिल्या चहाला कळतो. आणि दुसरी, आजार असो, कर्ज असो, आधीचं मोडलेलं लग्न असो, ते आपल्या तोंडानं सांगा, आणि ज्याला सांगायला सगळ्यात जास्त भीती वाटते त्यालाच आधी सांगा. लग्न मोडलं तर मोडेल. आमचंही मोडू शकलं असतं, ते दोन आठवडे आम्ही तेच धरून चाललो होतो. पण झाकून जोडलेलं नातं लेकीला रोज झाकत बसावं लागलं असतं, आयुष्यभर, तेही एकटीनं.

लग्न कार्तिकानंतर आहे. आमंत्रण घरोघर येऊन देऊच, पण आजच समजा. पंगतीत दोन्ही पुरणपोळ्या असतील, चण्याच्या आणि तुरीच्या. कुठली चांगली यावर आमच्या घरात मत देऊ नका. दोन्ही स्वयंपाकघरांत आता बराच समेट झाला आहे, तो राहू द्या.

आणि हिवाळ्यात एखाद्या रविवारी वढवाण्याला जरूर जा. पाळीवर उभं राहून बघा. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. त्याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

गणपती बाप्पा मोरया!